दावा फेटाळला, अपील अजून दाखल नाही: मधल्या दिवसांत वाट कोण राखणार?

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातले हे प्रकरण आहे. नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा क्रम तसाच ठेवला आहे.

जुन्या वाड्याची दोन भावांत वाटणी झाली होती. बाजारपेठेच्या रस्त्याला लागून असलेला पुढचा भाग थोरल्याला मिळाला, मागचा धाकट्याला. मागे जायला पूर्वेच्या भिंतीलगत आठ फुटी बोळ होता. वाटणीपत्रात हा बोळ ‘दोघांच्या वहिवाटीचा’ असे लिहिलेले, पण वाटणीपत्राची नोंदणी झालेली नव्हती. घरातल्या घरात वाटणी होताना असे सर्रास घडते. सिटी सर्व्हेच्या नकाशात बोळ वेगळा दिसत नव्हता आणि मालमत्ता पत्रकावर ती जागा पुढच्या भागाच्या क्षेत्रातच धरलेली होती.

भाऊ होते तोवर कुणी कागद काढून पाहिला नाही. पुढे थोरल्याच्या मुलांनी आपला हिस्सा एका व्यापाऱ्याला विकला. खरेदीखताच्या चतुःसीमेत बोळाचा उल्लेख आला नाही. व्यापाऱ्याने नगरपरिषदेकडून दुकानगाळ्यांचा बांधकाम परवाना घेतला आणि नकाशात बोळाच्या जागेवर एक गाळा दाखवला.

मागच्या भागात धाकट्या भावाची विधवा पत्नी (पुढे ‘काकू’) आणि तिचा मुलगा राहत होते. मुलाची पिठाची गिरणी तिथेच होती आणि दळण घेऊन येणारी माणसे त्याच बोळाने येत. काकूंनी व्यापाऱ्याविरुद्ध दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात कायम मनाईचा दावा लावला. निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज मंजूर झाला आणि दावा चालू असेपर्यंत बोळ अडवू नये असा मनाई हुकूम मिळाला. तो काही वर्षे टिकला. प्रतिवादीने पुढचे जुने बांधकाम पाडले, पण बोळाला हात लावला नाही.

निकालाचा दिवस

उन्हाळी सुट्टी लागायला एकच दिवस उरला असताना निकाल लागला. दावा फेटाळला गेला. वाटणीपत्र नोंदणीकृत नसल्याने मालकीसाठी वाचता येत नाही, मालमत्ता पत्रक प्रतिवादीच्या बाजूचे आहे आणि मागच्या नाल्याच्या कडेने दुसरी वाट आहे, ही न्यायालयाची कारणे होती. दाव्यात पर्यायी म्हणणेही होते: बोळ मालकीचा नसला तरी वीस वर्षांहून अधिक काळ उघडपणे आणि हक्काने वापरलेला आहे, म्हणून १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ खाली वहिवाटीचा हक्क मिळाला आहे. त्यावर न्यायालयाने स्वतंत्र मुद्दाच काढला नव्हता. पुढे अपिलाचा पाया हाच ठरला.

अंतरिम मनाई हुकूम दाव्याच्या आधारावर उभा असतो. दावा निकाली निघाला की तो हुकूमही संपतो. त्यासाठी वेगळा आदेश लागत नाही. निकालपत्राचे शेवटचे वाक्य वाचून झाले त्या क्षणी बोळाला कोणतेही संरक्षण उरले नाही. जिल्हा न्यायालयात अपील करायला कायदा तीस दिवस देतो आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतो. न्यायालय बंद असताना मुदत संपली तर मुदत कायद्याच्या कलम ४ प्रमाणे उघडल्या दिवशीही अपील दाखल होते. या सगळ्या सवलती अपील वाचवतात. बोळावर गाळ्याचे जोते एकदा पडले, की मुदतीत दाखल झालेले अपीलही मागच्या घरात दळण पोचवू शकत नाही.

प्रतिवादी निकालाला हजर होता. त्याचा ठेकेदारही सोबत आला होता. हे पाहून वादीच्या वकिलांनी बसल्या जागेवरून उठून तोंडी विनंती केली की अपील करेपर्यंत मनाई चालू ठेवावी. न्यायाधीशांनी लेखी अर्ज द्यायला सांगितले आणि बोर्डावरचे उरलेले काम संपेपर्यंत वेळ दिला.

कोणते पर्याय होते

बार रूममध्ये अर्ज हाताने लिहायला घेतला तेव्हा पहिला प्रश्न आला की कोणत्या तरतुदीखाली. सगळ्यांच्या तोंडी असते ती दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१ मधला नियम ५. त्याच्या पोटनियम (२) प्रमाणे अपिलाची मुदत संपण्याआधी खुद्द निकाल देणारे न्यायालयच हुकूमनाम्याची (निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशाची) अंमलबजावणी थांबवू शकते. पैशाच्या वसुलीत किंवा भाडेकरूला घराबाहेर काढण्याच्या निकालात ही तरतूद नेमकी बसते. तिथे दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, येणार असते, बेलिफ येणार असतो, म्हणून थांबवायला काहीतरी असते. दावा फेटाळणाऱ्या निकालात मात्र खर्चाखेरीज अंमलात आणण्यासारखे काही नसते. अशा निकालाला स्थगिती मिळाली तरी मेलेला मनाई हुकूम जिवंत होत नाही. कनिष्ठ वकिलांनी अर्जावर ‘आदेश ४१ नियम ५’ लिहिले होते. शेजारी बसलेल्या ज्येष्ठ वकिलांनी ते खोडायला लावले. या प्रकरणातला पहिला खरा निर्णय तिथे झाला.

दुसरा मार्ग आदेश ३९ मधल्या तात्पुरत्या मनाईचा. पण नियम १ आणि २ ‘दाव्यात’ लागू होतात आणि आता त्या न्यायालयापुढे दावा उरलेला नव्हता.

तिसरा मार्ग त्याच संहितेच्या कलम १५१ चा, म्हणजे न्यायाच्या हेतूसाठी आवश्यक ते आदेश देण्याचा न्यायालयाचा अंगभूत अधिकार. मनोहरलाल चोप्रा विरुद्ध राय बहादूर राव राजा सेठ हिरालाल (१९६२) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले की आदेश ३९ मध्ये न बसणाऱ्या परिस्थितीतही अंगभूत अधिकाराने तात्पुरती मनाई देता येते. हा निवाडा वकील नेहमी दाखवतात, पण त्याचा शेवट क्वचित सांगतात. अधिकार आहे असे मान्य करूनही त्या प्रकरणातली मनाई न्यायालयाने रद्द केली, कारण हा अधिकार वापरण्याजोगी असाधारण परिस्थिती तिथे नव्हती. कलम १५१ खाली अर्ज करणाऱ्याने आपली परिस्थिती असाधारण का आहे हे अर्जातच लिहायला हवे. नुसते कलम लिहून भागत नाही.

चौथा विचार मुलाने मांडला: “वकीलसाहेब, आत्ता राहू द्या ना. वरच्या कोर्टात उद्याच जाऊ.” वरचे न्यायालय उद्याच्या एका दिवसानंतर सुट्टीवर जाणार होते. निकालपत्राची नक्कल हातात नव्हती आणि प्रतिवादीने कॅव्हेट आधीच दाखल केलेले निघाले. संहितेच्या कलम १४८-अ प्रमाणे कॅव्हेट नव्वद दिवस टिकते आणि तोवर कॅव्हेटदाराला कळवल्याशिवाय अंतरिम आदेश होत नाही. म्हणजे एकतर्फी आदेशाची आशा नव्हती. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ चाही विषय निघाला. ते वाद चालू असताना झालेल्या विक्रीला वादाच्या निकालाशी बांधून ठेवते, पण जेसीबीला थांबवत नाही.

खालच्या न्यायालयात

प्रतिवादीच्या वकिलांनी दोन मुद्दे मांडले. पहिला असा की निकाल देऊन हे न्यायालय मोकळे झाले, फंक्टस ऑफिशिओ झाले, त्याला आता काही करता येणार नाही. दुसरा असा की पूर्ण पुरावा ऐकून ज्याचा हक्क नाही असे ठरवले, त्यालाच पुन्हा मनाई देणे म्हणजे स्वतःच्या निकालावर अविश्वास दाखवणे.

दुसरा मुद्दा ऐकायला सयुक्तिक वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. इंग्लंडमध्ये हाच प्रश्न एरिनफोर्ड प्रॉपर्टीज विरुद्ध चेशायर काउंटी कौन्सिल (१९७४) या प्रकरणात न्या. मेगॅरी यांच्यापुढे आला होता. त्यांनी मनाईचा अर्ज फेटाळला आणि लगेच अपिलापर्यंत मनाई मागितली गेली. त्यांचे म्हणणे असे की यात विसंगती नाही, कारण दोन्ही वेळी विचारलेला प्रश्न वेगळा असतो. निकाल देताना प्रश्न हक्काचा असतो. निकालानंतरचा प्रश्न असा की हा निकाल वर बदलू शकतो हे गृहीत धरून, जिंकलेल्या पक्षाला त्यावर लगेच कृती करायला मोकळे सोडावे का. न्यायाधीशाला आपला निकाल बरोबर वाटतो आणि तरीही वरचे न्यायालय वेगळे म्हणेल हे तो मान्य करू शकतो. अपिलाची व्यवस्थाच त्या शक्यतेवर उभी आहे. हा निवाडा भारतीय न्यायालयावर बंधनकारक नाही, पण त्यातला विचार कलम १५१ च्या भाषेत सहज बसतो. मला तो पटतो. जिंकलेल्याच्या हाती लागलेले फळ अपिलातून परत घेता येत असेल तर थांबवायची गरज नाही. इथे उलट होते. अपील यशस्वी झाले असते तरी उभी राहिलेली इमारत पाडण्याचा नवा वाद सुरू झाला असता.

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. हक्काचा निर्णय पुन्हा उघडायला खालचे न्यायालय खरोखरच असमर्थ असते, आणि कलम १५१ हक्क निर्माण करत नाही, कार्यपद्धती सांभाळते, हे पदम सेन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९६१) पासून ठरलेले आहे. पण अपील करण्याचा कायद्याने दिलेला अधिकार निरर्थक होऊ नये इतपत थोडे दिवस परिस्थिती धरून ठेवणे हा हक्काचा निर्णय नव्हे. राज्यातल्या दिवाणी न्यायालयांत ‘अपिलासाठी अंतरिम आदेश काही आठवडे चालू ठेवावा’ ही विनंती नेहमीची आहे आणि ती मंजूरही होते. तिच्यामागचे कारण मात्र आदेशात फार कमी वेळा लिहिले जाते.

इथेही तेच झाले. संध्याकाळी आदेश आला: ‘अर्ज अंशतः मंजूर. उभयपक्षांनी बोळाबाबत पंधरा दिवस जैसे थे परिस्थिती ठेवावी.’ कारण एका वाक्याचे. अर्जात मुदतीची मागणी ‘अपिलाची मुदत संपेपर्यंत’ अशी होती. ती पंधरा दिवसांवर आली तेव्हा कुणी हरकत घेतली नाही, कारण मिळाले त्याचाच आनंद होता. पंधरावा दिवस सुट्टीच्या मध्यावर येत होता.

सुट्टीतले न्यायालय आणि दोन दिवसांची फट

नक्कल तातडीच्या अर्जावर काही दिवसांत मिळाली. हुकूमनामा अजून तयार नव्हता, पण आदेश २० मधला नियम ६-अ निकालपत्राच्या नकलेवर अपील दाखल करू देतो. अपील सुट्टीतल्या जिल्हा न्यायाधीशांपुढे दाखल झाले. सोबतच्या अंतरिम अर्जाच्या पहिल्या मसुद्यात ‘खालील न्यायालयाच्या निकालास स्थगिती मिळावी’ असे लिहिले होते. पुन्हा ज्येष्ठांनी हस्तक्षेप केला. विनंती बदलून अशी झाली: अपील निकाली निघेपर्यंत उत्तरवादीने (म्हणजे व्यापाऱ्याने) बोळ अडवू नये, कलम १०७ (२) सह आदेश ३९ नियम १ व २ खाली, आणि पर्यायाने कलम १५१ खाली. कलम १०७ (२) मुळे अपिलाच्या न्यायालयाला मूळ न्यायालयासारखेच अधिकार असतात, आणि वर तर अपीलच चालू असते, त्यामुळे इथे अंगभूत अधिकारावर सगळा भार टाकायची गरज नव्हती. उघड तरतूद उपलब्ध असेल तिथे ती आधी आणि कलम १५१ मागे, हा क्रम पाळला की समोरच्याचा अर्धा युक्तिवाद गळतो.

सुनावणी शुक्रवारी निघाली. कॅव्हेटदाराच्या वकिलांनी म्हणणे देण्यासाठी मुदत मागितली. पुढची बैठक सोमवारी होती आणि जैसे थेचा आदेश शनिवारी संपत होता. हे निदर्शनास आणल्यावर समोरचे वकील म्हणाले, “साहेब, सोमवारपर्यंत काही होणार नाही.” न्यायाधीशांनी ते ऐकले आणि तारीख दिली. रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, फक्त ‘म्हणणे व सुनावणीसाठी सोमवार’ एवढेच आले.

रविवारी सकाळी बोळाच्या तोंडाशी जोत्यासाठी चर खणला गेला. त्या दिवशी कोणताही आदेश अंमलात नव्हता. आदेश ३९ नियम २-अ खाली आदेशभंगाचा अर्ज टिकला नसता, कारण भंगायला आदेशच नव्हता. वकिलांनी तोंडी दिलेला शब्द नोंदला गेला नव्हता आणि पक्षकाराने “मला वकिलांनी कळवलेच नाही” असे सांगितले. ते कदाचित खरेही असेल.

सोमवारी वादीच्या बाजूला निर्णय घ्यायचा होता. काकूंच्या मुलाला संपूर्ण बांधकाम थांबवायचे होते. रागाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे होते. वकिलांनी त्याला शांतपणे सांगितले की आपली तक्रार बोळाची आहे, दुकानांची नाही. सगळे मागितले तर समोरचा बँकेचे कर्ज, परवाना आणि तोंडावर आलेला पाऊस न्यायालयापुढे मांडेल, आणि त्या नुकसानीचे पारडे आपल्यापेक्षा जड होईल. काकूंनी मुलाला एवढेच विचारले, “आपल्याला वाट हवी आहे ना?” मागणी बोळापुरतीच राहिली. माझ्या मते निकाल फिरवणारा निर्णय हाच.

दुसरा निर्णय चराबाबतचा होता. चर बुजवण्याचा आदेश म्हणजे अंतरिम टप्प्यावर काही करायला लावणारा आदेश. दोराब कावसजी वॉर्डन विरुद्ध कूमी सोराब वॉर्डन (१९९०) प्रमाणे त्यासाठी नेहमीपेक्षा बळकट प्रकरण लागते, आणि तो मुख्यतः वाद सुरू होण्यापूर्वीची शेवटची निर्विवाद परिस्थिती परत आणण्यासाठी असतो. फोटो, गिरणीची वीजबिले, निशाणी ५ वरचा जुना आदेश आणि त्यावर काही वर्षे झालेले पालन हे सगळे लावले गेले. सुनावणी सुरू होताच प्रतिवादीच्या वकिलांनी पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) दिली की चर दोन दिवसांत बुजवू. आदेश लादण्याची वेळ आली नाही.

आदेश

न्यायाधीशांनी प्रथमदर्शनी केस, सोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान या तिन्हींवर लिहिले. प्रथमदर्शनी केसबाबत त्यांनी मालकीच्या वादात डोके घातले नाही. वहिवाटीच्या पर्यायी म्हणण्यावर खाली मुद्दाच निघाला नाही, एवढे अपील ऐकण्याजोगे ठरवायला पुरेसे धरले. नोंदणी नसलेले वाटणीपत्र मालकीसाठी नाही, तरी वापराचे स्वरूप पाहण्यासाठी, म्हणजे आनुषंगिक उद्देशासाठी, वाचता येते का हा प्रश्न अपिलासाठी राखून ठेवला.

आदेश दोन्ही बाजूंना बांधणारा होता. सिटी सर्व्हेच्या मोजणीदाराने अपिलार्थीच्या खर्चाने आठ फूट रुंदीची खूण करायची. त्या खुणेच्या आत उत्तरवादीने काही बांधू नये; बाहेर परवान्याप्रमाणे बांधायला मुभा, पण अपिलाच्या निकालाच्या अधीन राहून. अपील हरले तर होणारी भरपाई देण्याची लेखी हमी अपिलार्थीने द्यायची. अपिलाला लवकर तारीख, आणि अपिलार्थीने तारखा मागायच्या नाहीत.

भाडेकरूच्या अपिलात स्थगिती देताना घरमालकाला बाजारभावाने मोबदला देण्याची अट घालता येते, असे आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या २००४ सालच्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. तिथली तरतूद वेगळी, पण तत्त्व इथेही लागू पडते: खाली जिंकलेल्याला थांबवायचे तर थांबण्याचा खर्च थांबवणाऱ्याने उचलावा. अपिलार्थीच्या वकिलांनी हमी स्वतःहून अर्जातच देऊ केली होती आणि तिचा परिणाम आदेशात दिसतो.

निष्पत्ती

प्रतिवादीने नकाशा सुधारून घेतला, बोळाच्या बाजूचा गाळा सोडला आणि बाकीची दुकाने उभी केली. पुढे अपील अंशतः मंजूर झाले. आदेश ४१ नियम २४ प्रमाणे उपलब्ध पुरावा पुरेसा असल्याने प्रकरण परत न पाठवता जिल्हा न्यायालयानेच वहिवाटीचा मुद्दा काढून निर्णय दिला: मालकी प्रतिवादीची, पण काकूंच्या घराला आणि गिरणीला त्या वाटेचा हक्क. मालकीबाबत काकू हरल्या. वाट राहिली. दुकानांपैकी एकही पाडावे लागले नाही.

वेगळे काय करता आले असते

निकालाची तारीख कळली तेव्हाच अर्ज दोन्ही शक्यतांसाठी तयार असायला हवा होता. जिंकण्याची खात्री असलेल्या वकिलानेही तो फाइलमध्ये ठेवावा. पक्षकाराला वाईट वाटेल म्हणून टाळू नये. प्रतिवादीने कॅव्हेट आधीच टाकले होते, म्हणजे त्याच्या वकिलांनी निकालानंतरच्या दिवसांचा विचार केला होता.

तोंडी आश्वासनावर शुक्रवारी समाधान मानायला नको होते. विनंती एवढीच करायची होती की विद्वान वकिलांचे निवेदन रोजनाम्यात नोंदवावे, किंवा दोन ओळींची पुरसिस घ्यावी. त्यात समोरच्या वकिलांवर अविश्वास नाही. नोंद झाली की त्यांनाही आपल्या पक्षकाराला आवरणे सोपे जाते. ती नसती मिळाली तर सोमवारपर्यंतचा दोन दिवसांचा तात्पुरता आदेश तिथेच मागता आला असता. कॅव्हेटदार समोर हजर होता, त्यामुळे एकतर्फीपणाचा आक्षेपही उरला नव्हता.

खालच्या न्यायालयाकडून दोन अपेक्षा रास्त आहेत. कलम १५१ खाली आदेश देताना तीन-चार ओळींत कारणे यावीत: कोणते नुकसान परत फिरवता येणार नाही, अपिलाला किती वेळ लागेल, जिंकलेल्या बाजूचे काय नुकसान होईल. आणि मुदत कॅलेंडर पाहून ठरावी. ठरावीक दिवसांची मुदत सुट्टीत संपते, नक्कल विभागाच्या गर्दीत संपते. प्रतिवादीच्या वकिलांनाही इथे संधी होती. आदेशाला विरोध करतानाच त्यांनी पर्यायाने हमी आणि लवकर सुनावणीची अट मागितली असती, तर ती पहिल्याच दिवशी मिळाली असती आणि पंधरवड्याचा ताण कमी झाला असता.

अर्जातली विनंती माझ्या मते अशी असावी: “वादीने आजपासून तीस दिवसांत, नक्कल मिळण्यास लागलेला वेळ वगळून, अपील व अंतरिम अर्ज दाखल करावा या अटीवर, अपिलीय न्यायालय त्या अंतरिम अर्जावर पहिला आदेश करेपर्यंत, उभयपक्षांनी दाव्यातील बोळाची आजची परिस्थिती कायम ठेवावी, मुदतीत अपील दाखल न झाल्यास हा आदेश आपोआप संपेल, आणि या काळात प्रतिवादीचे झालेले नुकसान भरून देण्याची वादीची लेखी हमी अभिलेखावर घ्यावी.”